तहानलेली गाडी

नाकमिस्त्री सकाळी गॅरेजचं शटर वर करायचा तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले असत, आणि पुढचा अर्धा तास तो कशालाच हात लावत नसे. समोरच्या टायरवाल्याला हा निव्वळ आळस वाटे. पण त्यामागे कारण होतं. पेट्रोलचा वास दहा मिनिटं घेतला की नाक त्याला सरावतं, आणि मग पायाशी डबा सांडला तरी कळत नाही. म्हणून वासाची तक्रार असलेली गाडी आदल्या संध्याकाळीच दारात उभी करून घ्यायची, आणि सकाळी सुटे भाग धुवायच्या पेट्रोलचा डबा उघडण्याआधी कोऱ्या नाकाने तिच्याभोवती फिरायचं, हा त्याचा नेम होता. आधी चाकांपाशी, मग बोनेटच्या फटीशी, मग खिडकीतून आत. डोळे मिटलेले, हात पाठीमागे बांधलेले. नव्या माणसाला वाटे, हा गाडीच्या कानात काहीतरी सांगतोय.

त्याचं नाक दिसायला अगदी बेताचं होतं. नाव मात्र असं चिकटलं की बँकेतला कारकूनही त्याच नावाने हाक मारी. त्याची बायको याच खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. मधे प्लायवूडची आडभिंत, तिला एक चौकोनी खिडकी. कोणी नाकाची फार तारीफ केली की तिची शिलाई मशीन थांबे आणि खिडकीतून आवाज येई, "नाकापेक्षा मोती जड झालाय आता."

चौतीस वर्षं त्याने एकच काम मनापासून केलं होतं: कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारं ते लहानसं यंत्र. नव्या गाड्यांतून ते कधीच गेलं. आसपासच्या गॅरेजांत आता गाडीला वायर जोडतात आणि पडद्यावर दुखणं वाचतात. नाकमिस्त्रीकडे उरल्या होत्या चाळीसेक म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांचे बहुतेक म्हातारेच मालक. त्यातले एक मास्तर.

मास्तरांनी शाळेत भूगोल शिकवला होता. गाडी त्यांनी नवीकोरी घेतली होती आणि गेली बावीस वर्षं ती नाकमिस्त्रीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. तिने आयुष्यात एक दिवस शिकवलं नव्हतं, पण नवरा मास्तर म्हणून ती मास्तरीणबाई. सहा महिन्यांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या दवाखान्यात व्यायामाला जावं लागे. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की हे तीन महिने चुकवले तर पाय कायमचा आखडेल. भाड्याच्या गाड्या बुटक्या. त्यांत बसायचं तर खुबा वाकवावा लागे आणि डोळ्यांतून पाणी येई. मास्तरांच्या जुन्या गाडीचं दार रुंद होतं, सीट खुर्चीएवढी उंच. त्यात त्या सरळ मागे टेकून बसायच्या आणि मग पाय आत घ्यायच्या.

आणि नेमक्या त्याच गाडीत कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला. टेकडी चढेपर्यंत मास्तरीणबाईंचं डोकं जड व्हायचं, पोटात ढवळायचं. दोनदा दवाखान्याच्या दारातच उलटी झाली आणि व्यायाम न करताच परत यावं लागलं.

मास्तर पहिल्यांदा गाडी घेऊन आले तेव्हा नाकमिस्त्रीला काम सोपं वाटलं. त्याने आधी विचारलं, वास डोळ्यांना झोंबतो की जिभेवर गोडसर बसतो? झोंबत असेल तर तो जळक्या धुराचा, गोडसर असेल तर कच्च्या पेट्रोलचा. गोडसर, मास्तर म्हणाले. सकाळी कोऱ्या नाकाने फिरल्यावर बोनेटपाशी पुसटसा वास लागलाच. कार्ब्युरेटरच्या पोटात एक पोकळ पितळी तरंगता असतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. ती सुई झिजली होती. इंजिन बंद केल्यावरही थेंब थेंब पाझरत होतं. त्याने सुई बदलली, तरंगत्याची उंची जुळवली, गाडी फिरवून आणली. वास गेला.

चौथ्या दिवशी मास्तर पुन्हा दारात.

दुसऱ्या खेपेला त्याने इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला, पुढच्या सगळ्या नळ्या आणि त्या आवळणाऱ्या पट्ट्या बदलल्या. मग बायकोची टाल्कम पावडर प्रत्येक सांध्यावर भुरभुरवली, कारण पेट्रोल पाझरून क्षणात उडून जातं, पण पावडरीवर डाग सोडतं. दोन दिवस गाडी दारात उभी होती. पावडर जशीच्या तशी, पिठासारखी कोरडी. सकाळी नाकाला रबराचा वास, रेक्झिनचा वास, मास्तरांच्या डोक्याच्या तेलाचा वास. पेट्रोलचा नाही.

तरी आठवड्याने मास्तर आलेच. या वेळी ते उतरलेही नाहीत. खिडकीतून म्हणाले, की बायको आता गाडीत बसायला तयार नाही. तिला घरात बसवून ठेवायची वेळ आली आहे. बोलण्यात राग नव्हता, आणि तेच नाकमिस्त्रीला जास्त लागलं.

त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, की माझ्या दारात वास येत नाही आणि त्यांच्या घरी येतो, हे कसं? गाडी तीच, इंजिन तेच, पेट्रोल तेच. बायकोने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "गाडीला काय विचारताय सारखं? ती थोडीच बसते आत. जी बसते तिला विचारा."

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने गाडीच्या मालकाला विचारलं होतं, चालवणाऱ्याला विचारलं होतं. शेजारी बसणाऱ्या बाईमाणसाला कधीच नाही.

संध्याकाळी तो मास्तरांच्या घरी गेला. दोन खोल्या, भिंतीवर रंग उडालेला जगाचा नकाशा, खिडकीपाशी मास्तरीणबाईंची उंच खुर्ची आणि चालायची काठी. त्याने त्यांना विनंती केली, की घरातून निघाल्यापासून काय काय होतं ते क्रमाने सांगा. एक्स्चेंजमध्ये त्या तीस वर्षं कोणाचा फोन कोणाला जोडायचा हे ध्यानात ठेवत आल्या होत्या. डोळे मिटून त्यांनी आख्खा रस्ता सांगितला. घरातून निघताना वास नाही. पेट्रोल पंपावर येतो, पण तो पंपाचाच, तो त्या धरत नाहीत. मग बाजाराच्या सरळ रस्त्याला पुन्हा नाही. टेकडीचा चढ लागला की सुरू. दर वळणाला लाट आल्यासारखा येतो. त्या लगेच काच खाली करतात.

"मग कमी होतो?"

"तेच तर नवल आहे मिस्त्री. काच उघडली की वाढतो."

"आणि परत येताना?"

"येताना जवळजवळ नाहीच. हे म्हणतात माझ्या मनाचे खेळ आहेत. व्यायामाला जायचं म्हणून पोटात गोळा येतो आणि परत निघालं की बरं वाटतं."

मास्तर नकाशाकडे बघत राहिले. नाकमिस्त्री मात्र पुढे सरकून बसला. खोटं दुखणं इतकं शिस्तीत वागत नाही. चढताना आहे, उतरताना नाही; वळणावर आहे, सरळ रस्त्याला नाही; काच उघडली की वाढतं. त्याने एकच मागणं मागितलं. उद्या जाताना मला मागच्या सीटवर बसवून न्या, आणि नेहमी जे करता ते सगळं तसंच करा. मास्तरीणबाई जरा का कू करत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, एक दिवस आणखी.

सकाळी त्याने दोनदा साबण लावून आंघोळ केली, कपाटातला धुवट शर्ट घातला आणि गॅरेजकडे न फिरकता थेट मास्तरांकडे गेला. मास्तरीणबाई पुढे, तो मागे. पेट्रोल पंपावर मास्तरांनी गाडी थांबवली. पंपावरच्या मुलीने किती विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "गळ्यापर्यंत."

नाकमिस्त्रीची नजर सहज आकड्यांवर गेली. आकडे फिरत राहिले. वीस लिटर. पंचवीस. तेहतीसला थांबले. या गाडीची टाकी पस्तीस लिटरची. म्हणजे घरून निघताना आत जेमतेम दोन लिटर होतं. गाडी कालच गॅरेजच्या दारावरून परतली होती. त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पुढचा पेट्रोलचा काटा तर अर्ध्यावरच होता. तो काटा नऊ वर्षं अर्ध्यावरच होता. टाकी रिकामी असो की भरलेली. मास्तर म्हणत, काट्याचं राहू द्या, मी किलोमीटर मोजतो. आणि नाकमिस्त्रीनेही राहू दिलं होतं.

बाजार गेला. चढ लागला. पहिलंच वळण डावीकडे होतं, आणि वळणाच्या मध्यावर त्याला वास आला.

तो पुढून आलाच नव्हता. तो त्याच्या मानेमागून आला.

दुसऱ्या वळणावर पुन्हा. मास्तरीणबाईंनी काच खाली केली आणि मागून वासाचा लोट आत शिरला. नाकमिस्त्रीने त्यांना काच लावायला सांगितली आणि मास्तरांना गाडी हळू घ्यायला. इतके दिवस तो पुढच्या दाराशी चोर शोधत होता आणि चोर मागच्या दाराने येत-जात होता.

दवाखान्याच्या आवारात मास्तरांनी बायकोला आत पोचवलं. या खेपेला उलटी झाली नव्हती, तेवढं एक बरं. तोवर नाकमिस्त्रीने डिकी उघडली. स्टेपनी बाहेर काढली, काथ्याची चटई उचलली. चटई उजव्या कोपऱ्यात ओलसर होती. बाजूचा पुठ्ठा चार स्क्रूवर होता, ते काढले. आत पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी मनगटाएवढी जाड रबरी नळी होती. वरून धडधाकट. त्याने अंगठा तिच्या खालच्या बाजूने फिरवला. उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा लागल्या आणि अंगठा ओला झाला.

मास्तर परत आले तेव्हा त्याने त्यांना वाकवून सगळं दाखवलं. त्याचा आवाज शाळेतल्या हुशार पोरासारखा भराभर चालला होता. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल या नळीत चढून उभं राहतं. चढावर ते मागे लोटतं. चढावरची वळणं बहुतेक डावीच; गाडी डावीकडे वळली की पेट्रोल उजवीकडे झुकतं, आणि नळी उजवीकडेच. मग भेगांतून थोडं बाहेर येतं, चटईत मुरतं. डिकी आणि मागची सीट यांच्यात नुसता पुठ्ठा. पुढची काच उघडली की बाहेरचा वारा गाडीतली हवा ओढून घेतो, आणि तिची जागा भरायला डिकीतली हवा पुढे येते. उतारावर पेट्रोल पुढे जातं, नळी कोरडी पडते, वास संपतो. बाईंच्या मनाचे खेळ वगैरे काही नाही. त्यांनी सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

बोलता बोलता तो थांबला. टाकी काठोकाठ भरली तरच. मग गॅरेजमध्ये?

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्याकडे आणताना टाकीत किती असायचं?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. काच स्वच्छच होती. मग हळूहळू सांगितलं. गाडी घेतली तेव्हा शेजारच्या वकिलांनी कानमंत्र दिला होता, की गाडी गॅरेजला न्यावी ती तहानलेली. भरलेली टाकी मिस्त्रीकडे ठेवली की पेट्रोल उन्हाने उडतं म्हणतात, आणि ते मिस्त्रीच्या स्कूटरमध्ये उतरतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी आदल्या दिवशी ते नळी लावून पेट्रोल डब्यात काढायचे, डबा मागच्या गॅलरीत ठेवायचे आणि दोन लिटरवर गाडी आणायचे. बावीस वर्षं.

नाकमिस्त्री स्टेपनीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. बावीस वर्षांत त्याने या माणसाच्या गाडीतलं पेट्रोल हाताला लागलं तेवढंच घेतलं होतं. पण रागाच्या आधी हसू आलं. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन आठवडे तो तहानलेल्या गाडीला विचारत होता, पाणी कुठून गळतंय.

"आणि बाईंना नेताना गळ्यापर्यंत का?"

या वेळी मास्तरांनी नजर चुकवली नाही. बाई पडल्या त्या दिवशी त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून ते निघाले होते. काटा अर्ध्यावर. घाईत किलोमीटर मोजायचं राहिलं. अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडली. पाऊण तास बाई मागे कण्हत पडल्या होत्या आणि ते रस्त्यात हात करत उभे होते. "तेव्हापासून ती गाडीत असली की टाकी भरलेली लागते. नाहीतर मला गाडी चालवता येत नाही. तिला काही बोललो नाही मी."

नाकमिस्त्रीचं उरलंसुरलं हसू मावळलं. नऊ वर्षं अडकलेला काटा. कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोकांत भिंग लावून बघणाऱ्या त्याला टाकी म्हणजे पत्र्याचं पिंप वाटायची, आणि काटा म्हणजे शोभेची वस्तू. मास्तर राहू द्या म्हणाले, आणि त्याला तेच हवं होतं. वकिलाचा कानमंत्र मास्तरांचा, पण हा काटा त्याचा होता.

पुढचे दिवस त्याने काम केलं ते काहीशा जिद्दीने. नळी साध्या रबराची चालत नव्हती. पाण्याची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि महिन्याभरात कुजते. पेट्रोल सोसणारी नळी मिळेपर्यंत चार दिवस गेले. तोवर टाकी अर्ध्याच्या वर न्यायची नाही, असं त्याने मास्तरांना बजावलं. मास्तर चुळबुळले, तेव्हा त्याने टाकीवरचं झाकण खोलून काटा हलवणारा टाकीतला तरंगता बाहेर काढला. त्याचा दांडा गंजून मधेच अडकला होता. साफ केला, तारेचं टोक घासलं, परत बसवला, आणि मास्तरांना पुढे बसवून दोन डबे ओतत काटा चढताना दाखवला. मास्तर काट्याकडे बघत राहिले. पहिल्या फेरीला त्यांनी दर वळणावर काट्याकडे बघून घेतलं. बाई व्यायाम करून आल्या, आणि अर्ध्या टाकीवर वासही आला नाही.

नवी नळी बसली त्या संध्याकाळी नाकमिस्त्री म्हणाला, आता खरी परीक्षा. टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवा, उजवी बाजू खाली येईल अशी तिरकी उभी करून. नळीवर पावडर टाकतो. सकाळी काय ते कळेल.

मास्तर थोडा वेळ किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मग गेले आणि टाकी भरून आणली. गाडी लावली, आत बसून उगाच काहीतरी शोधल्यासारखं केलं, उतरले, किल्ली दिली आणि मागे न बघता निघून गेले.

सकाळी नळीवरची पावडर कोरडी होती. कोऱ्या नाकाला रबराचा वास आला, चटईच्या काथ्याचा आला, आणखी कशाचाही नाही. बायको सीटचं कव्हर बसवायचं म्हणून पुढे बसली आणि तिने त्याला हाक मारली. पेट्रोलच्या काट्याच्या काचेवर, भरल्या टाकीला काटा येतो बरोब्बर तिथे, पेन्सिलीने केसाएवढी रेघ ओढलेली होती.

तिचा पारा चढला. म्हणाली, इतकं करून शेवटी ही किंमत. देते आज मास्तरांना चांगलं ऐकवून.

नाकमिस्त्रीने किल्ली फिरवली आणि वाकून रेघ बघितली. काटा रेघेला चिकटून उभा होता, एका केसाचाही फरक नव्हता. त्याला त्यात भलताच आनंद झालेला दिसला.

"ओढू दे," तो म्हणाला. "नऊ वर्षांनी त्या काट्यावर कोणाचातरी विश्वास बसलाय."

मंगळवारी तो पुन्हा मागच्या सीटवर बसला. टाकी गळ्यापर्यंत. मास्तरीणबाईंनी काच लावून घेतली, मग स्वतःच खाली केली आणि डोळे मिटले. पहिलं डावं वळण. मास्तरांनी आरशातून मागे बघितलं. दुसरं. तिसरं वळण सगळ्यात लांब होतं आणि चढही तिथेच सगळ्यात जास्त. त्याच्या मध्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "वास येतोय."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली.  नाकमिस्त्रीने मान मागे वळवून डिकीच्या बाजूला जोरात श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

"साबणाचा," मास्तरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मिस्त्री, एका आंघोळीला किती वड्या लावता हो?"

दवाखाना आला. मास्तर दार उघडायला पलीकडून फिरून येईपर्यंत त्यांनी पर्समधून रुमाल काढला, हात लांब केला आणि काट्याच्या काचेवरची पेन्सिलीची रेघ पुसून टाकली. मग काठी मागितली.